उंबऱ्याबाहेरचे दोघे

बडनेऱ्याला गाडी बदलून जमुना अकोल्याच्या फलाटावर उतरली, तर तिला घ्यायला कोणी आलेलं नव्हतं. आजवर असं कधी झालं नव्हतं. तिचा बाप देवमन तायडे याच स्टेशनात मालबाबू होता. कापसाच्या गाठी उतरवून घ्यायच्या, चढवायच्या आणि व्यापाऱ्यांच्या पावत्या फाडायच्या, हे त्याचं काम. पोरगी अमरावतीहून येणार म्हटलं की गडी काळा कोट चढवून गाडीच्या आधीच फलाटावर हजर, आणि हमालापासून टीसीपर्यंत भेटेल त्याला ऐकवणार, "पोरगी बी.ए.ले आहे. सायकॉलॉजी घेतली तिनं." सायकॉलॉजी म्हणजे काय, असं कोणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती, पण शब्द तो असा तोंड भरून म्हणायचा की विचारायची कोणाची छाती होत नसे.

जमुनाने पेटी उचलली आणि रूळ ओलांडून मोहल्ल्याची वाट धरली. बाप का आला नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या आईने, केशरबाईने, ओळखीच्या गार्डाबरोबर निरोप धाडला होता आणि निरोप एवढाच होता: "तुया बापानं दारू धरली. ये."

निरोप ऐकून जमुना गार्डाच्या तोंडावरच हसली होती. देवमनने दारू धरली, यावर विश्वास ठेवायचा तर मग कशावरही ठेवता आला असता. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर या माणसाने पहिलं काम केलं ते देव्हाऱ्यातले देव काढण्याचं नव्हे, मोहल्ल्यातले दारूचे डबे पालथे घालण्याचं. देव काय, ते लोक आपणहून काढतील, म्हणाला, पण डबे कोणी काढणार नाही. पुढे वर्गणी जमवून मोहल्ल्याने टिनाच्या छपराचं छोटंसं विहार बांधलं, तेव्हा नियमही त्यानेच घातला. जो पितो त्याने पौर्णिमेच्या वंदनेला उंबऱ्याच्या आत यायचं नाही, बाहेर पायरीवर बसायचं आणि तिथूनच ऐकायचं. पुंजाजी मिस्त्री मोहल्ल्याचे पंच. विहाराच्या भिंती त्यांनी स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या. त्यांनाही हा नियम जरा कडक वाटला होता. पण देवमनपुढे बोलणार कोण! "मन पक्कं असलं का हात बाटलीकडं जातच नाई," हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान, आणि रोज कोणाला तरी ते ऐकवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

या नियमाचा पहिला आणि बराच काळ एकुलता धनी होता डोमाजी. देवमनच्याच मालधक्क्यावरचा हमाल. दर पौर्णिमेला तो निमूटपणे पायरीवर येऊन बसायचा. आणि आता त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसत होता, तो म्हणजे नियम घालणारा स्वतः.

घरी पोहोचल्यावर केशरबाईने पोरीला पाणी दिलं आणि मग पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं. कार्तिकी पौर्णिमेला देवमन वंदना द्यायला उभा राहिला तो झुलतच. कपाळावर घामाच्या धारा. शब्द तोंडातल्या तोंडात अडकायला लागले. पुंजाजींनी दंडाला धरून खाली बसवायला पाहिलं, तर यानेच त्यांना सगळ्यांदेखत शिवी हासडली. घरी आणून झोपवलं. आधी घोरत पडला. मग कधीतरी उठून चुलीशी ठेवलेला गूळ-भाकर खाऊन आला आणि सकाळी विचारतो, काय झालं? पुढच्या पौर्णिमेला पुन्हा तेच. मग पंच बसले.

"पंचायतीत पुंजाजी रडले वं," केशरबाई म्हणाली. "म्हने, देवमन, नियम तुयाच हातचा आहे, आमी काय करावं? अन तुया बाप उठला अन पायरीवर जाऊन बसला."

"माय, त्यांच्या तोंडाले वास आला का तुले?"

"मी त्या वक्ती कुठं वास घेत बसू? माया जीव ठिकानावर नोता." केशरबाईने डोळे पुसले. "शेजारची सुंदराबाई म्हनते, पुनवेचं लागीर आहे. बाकीचे म्हनतात, लोकाइले शिकवते अन सोता लपून पेते. दारुड्याची बायको झालो मी या वयात."

बाप ओट्यावर बसला होता. जमुना आली तशी त्याने मान वळवली नव्हती. ती जाऊन शेजारी बसली.

"इचार," तो म्हणाला. "सगळे इचारतात, तूबी इचारून घे. पेलो का, असं."

"नाई इचारत."

"काहून?"

"तुमी पेलेच नाई तं काय इचारू?"

देवमनने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. या माणसाच्या डोळ्यांत भीती जमुनाने जन्मात पाहिली नव्हती. "मले आठवतच नाई, पोरी," तो हळूच म्हणाला. "वंदनेले उभा राहिलो ते आठवते. मंग सक्काळच. मंधात मी काय केलं, कुठं गेलो, कोनं काय पाजलं, काईच ठावं नाई. तुले कसं मालूम?"

जमुनाला तेव्हा मालूम नव्हतंच. पण बापाला तसं सांगायचं नाही, एवढं शहाणपण तिच्याकडे होतं. आणि तिचा स्वभावही बापाचाच. एखादी गोष्ट माहीत नसली तर तिला लाज वाटत नसे, राग येत असे.

दुसऱ्या दिवशी ती सरळ मालधक्क्यावर गेली. डोमाजी गाठींच्या सावलीत बसून बिडी ओढत होता. तिला पाहून त्याने बिडी विझवली आणि उठून उभा राहिला.

"काकाजी," जमुना म्हणाली, "गेल्या पुनवेले तुमी बाबांच्या बाजूले बसून होते. खरं सांगा, ते पेले होते का?"

डोमाजीला हसू आलं. "बाई, मी इतके वर्सं पेतो. मले पिलेला मानूस पाठीकडून ओळखता येते. मालबाबूच्या तोंडाले वास नोता. मी पुंजाजीले सांगलं, तं ते म्हने, तू दारुड्या, तुयी साक्ष कोन घेईन?"

"मंग ते झुलत होते, ते?"

"झुलत होते, हे खरं. घामानं अंगरखा वला झालता. माया अंगावर कलंडले अन बरळाले लागले, गाठी चढवा, गाठी चढवा. मी घाबरलो. खिशात रेवड्या होत्या. वास झाकाले ठेवतो मी," हे सांगताना तो जरा ओशाळला, "त्याच दोन-चार त्याईच्या तोंडात कोंबल्या. म्हटलं, तोंड बंद राहीन. तं थोड्या येळानं बाबू मले म्हनतात, डोमाजी, आपुन इथं काहून बसलो? एकदम ठिकानावर!"

"रेवड्या खाऊन?"

"संक्रांतीच्या होत्या. चांगल्या होत्या."

जमुना गाठीवर टेकली. अमरावतीच्या कॉलेजातला भगवंतराव सरांचा तास तिला जसाच्या तसा ऐकू येऊ लागला. भगवंतराव चांदूर बाजारकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिकून प्राध्यापक झाला तरी फळ्यापुढे बैल हाकल्यासारखा मोठ्याने बोलायचा. माणूस असा का वागतो, असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: आधी शरीर तपासा, मग मनाच्या गोष्टी बोला. घशातली एवढीशी गाठ कमी काम करायला लागली की हुशार बाई मंद होते आणि सगळे म्हणतात, आळशी आहे. जास्त काम करायला लागली की शांत माणूस भांडकुदळ होतो आणि सगळे म्हणतात, माजला. "आणि मेंदू!" सर टेबलावर हात आपटून म्हणाले होते. "मेंदू म्हणजे मोठा दिमाखदार पाहुणा. घरात दाणा साठवत नाही, रोजच्या रोज रक्तातली साखर खातो. साखर कमी पडली की आधी शहाणपण सोडतो, मग तोल, मग शुद्ध. पाहणारा म्हणतो, प्यायला! तुमचं प्रेम, तुमचा राग, तुमची देशभक्ती, सगळं साखरेवर चालतं. साखर बंद करतो, बघू किती वेळ प्रेम करता!" मागच्या बाकावरची मुलं तेव्हा खूप हसली होती. जमुनाही हसली होती.

ती धावतच घरी आली. "माय, बाबा कोनतं औषध घेतात?"

"सुई," केशरबाई म्हणाली. "दिवाळीच्या आधी डॉक्टरनं मधुमेह सांगला. तुले सांगू नोको म्हने. तवापासून मीच देते रोज सकायी मांडीत. सुई उकळाची, शिशी माठाजवळ थंड ठेवाची, सगळं मले येते."

"दिवाळीच्या आधी. अन पयला झटका कार्तिकीले." जमुनाचे डोळे चमकले. "पुनवेच्या दिवशी ते काय खातात?"

"उपोसथ असते, पुनवेचा उपास. बाराच्या आत जेवतात. मंग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाचा कन नाई. तुले ठावं नाई का बापाचा हट्ट?"

जमुना आईच्या गळ्यातच पडली. केशरबाईला काही कळेना.

रेल्वेच्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. सकाळी दिलेली सुई संध्याकाळकडे जोर धरते, ते म्हणाले, तेव्हा पोटात अन्न हवं. "वेळेवर जेवा, असं मी तुमच्या वडिलांना बजावलं होतं. ते हो म्हणाले. महिन्यातून एकदा ते अर्धा दिवस उपाशी राहतात, हे मला कोण सांगणार?" पुन्हा असं झालं तर ताबडतोब साखरेचं पाणी पाजा, उशीर करू नका, उशीर झाला तर जिवावर बेतेल, एवढंही त्यांनी दोनदा सांगितलं. जमुनाने मान डोलावली. तिच्या डोक्यात तेव्हा एकच होतं: बापाला पायरीवरून उठवून आत न्यायचं.

वाटलं होतं तेवढं ते सोपं नव्हतं. पहिली अडचण पुंजाजींची. त्यांनी तिचं बोलणं नीट ऐकलं आणि हळूच म्हणाले, "तू शिकेल आहे, तुले बापाची माया आहे. पन डॉक्टर काय, कोनाले काय बी लिहून देते. मोहल्ला डोयानं पाहिलं ते मानते. त्याईनं डोयानं देवमनले झुलताना पाहिलं."

"मंग मी डोयानंच दाखवते," जमुना म्हणाली.

दुसरी अडचण घरातच होती. सगळं समजावून सांगितल्यावर देवमन आनंदाने उडी मारेल, अशी तिची कल्पना. तो उलट भडकला.

"म्हंजे माया तोंडून साखर बोलते?"

"साखर नाई, बाबा. साखर नसली का..."

"तेच ते! पुंजाजीसारख्या देवमानसाले मी शिवी देल्ली. ते मी नाई देल्ली, तं कोनं देल्ली? सुईनं देल्ली का? मानूस म्हंजे काय इंजिन आहे, कोळसा संपला का थांबलं?" तो ताडताड ओट्यावर फेऱ्या मारू लागला. "दारुडा म्हना, चालते. पन मन नाई म्हनसान तं मी ऐकनार नाई. मन पक्कं असन तं असं होतच नाई. माया मनातच खोट असन कुठंतरी."

निर्दोष ठरण्यापेक्षा दोषी ठरायला तयार असलेला आरोपी जमुनाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "मन पक्कं करा. माघी पुनव येते. सुई घ्या, उपोसथ धरा, अन पाहा मन काय म्हनते ते. मी साखरेचं पानी घेऊन उभी राहते. विहारात आलेले भंते एकदा म्हनाले होते ना, आजाऱ्याले औषध म्हनून गूळ-मध बाराच्या नंतरबी चालते?"

देवमनने जरा विचार केला. "होऊन जाऊ दे," तो म्हणाला. हा पैजेचा सूर त्याला कळत होता.

केशरबाई मात्र पोरीवर उखडली. "माया नवऱ्यावर परयोग करून राहिली का वं? कॉलेजात बेडूक कमी पडले?" आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. संध्याकाळी त्याला मुकाट्याने जेवायला घातलं असतं तर झटका आला नसता, पण मग तो दारुडाच राहिला असता. जमुनाला झटका यायला हवा होता. हे तिने आईला सांगितलं नाही, पण स्वतःपासून लपवलंही नाही.

माघी पौर्णिमेला विहार भरून गेलं. बातमी पसरलेली. आत सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि सगळ्यांचे चेहरे समोरच्या मूर्तीकडे कमी, दाराकडे जास्त. पायरीवर देवमन ताठ बसला होता, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. शेजारी डोमाजी. दारातच जमुना पितळी गडू आणि पेला घेऊन उभी, तिच्यामागे केशरबाई.

चांगला अर्धा तास काहीच झालं नाही. देवमन लेकीकडे पाहून मिशीत हसला, पाहा, मन पक्कं आहे. जमुनाचा जीव टांगणीला लागला.

मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. थंडीचे दिवस, आणि घाम. त्याने बटणं काढायला सुरुवात केली, ती त्याला निघेनात. जीभ जड झाली. "गाठी चढवा," तो डोमाजीला म्हणाला. "मालगाडी सुटून राहिली, गाठी चढवा बे!" तो उठला, झुलला, दाराच्या चौकटीला धरून आत वाकला आणि पुंजाजींकडे बोट रोखून ओरडला, "ए मिस्त्री! तुयी भिंत वाकडी आहे! डोये फुटले होते का रचताना? वाकडी आहे तुयी भिंत!"

आत कुजबुज उठली. झालं, आजही पिऊन आला. "वास घ्या!" जमुना ओरडली. "या, जवळ या अन सगळे वास घ्या! पुंजाजीबाबा, तुमी सोता या!" पुंजाजी उठले, देवमनच्या तोंडाशी वाकले, आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन मागे सरले. "वास नाई," ते म्हणाले. "आता तुमी या," जमुना दुसऱ्याला म्हणाली. "तुमी पाहा. पाहा, घाम पाहा, हात पाहा." देवमनचे गुडघे वाकले. डोमाजीने त्याला मागून कवेत धरलं. त्याचे डोळे वर गेले होते आणि जमुना अजून माणसांना बोलावतच होती.

केशरबाईने तिच्या हातातून गडू आणि पेला हिसकावून घेतला. "पुरे झालं तुयं शिकनं!" ती म्हणाली, आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट साखरेचं पाणी पाजू लागली. जमुनाचे हात रिकामे राहिले. तेव्हा कुठे डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं तिला आठवलं आणि ती मटकन खाली बसली. बाप मेला असता. तिने त्याला जिंकवण्याच्या नादात मारलं असतं. तिला रडू फुटलं आणि तिने ते आवरलंही नाही.

पेला संपला, दुसरा भरला. हळूहळू देवमनच्या तोंडावर रंग आला. त्याने बायकोच्या मांडीवरून डोकं उचललं, भोवती जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि स्पष्ट, शहाण्या आवाजात विचारलं, "वंदना सुरू काहून नाई केली?"

कोणीतरी "अरे बापा!" म्हणालं. मग एकदम सगळेच बोलायला लागले. सुंदराबाईने पुनवेचं लागीर तिथल्या तिथे मागे घेतलं. जमुना डोळे पुसून उभी राहिली. आवाज अजून ओला होता, पण सांगायचं ते तिने सांगितलं. सुई साखर खाली आणते. उपासाने ती आणखी खाली जाते. साखर नसली की मेंदू चालत नाही, आणि मग माणूस झुलतो, बरळतो, शिव्या देतो, आणि त्यातलं त्याला काही आठवत नाही. "दारू नाई, लागीर नाई, अन मनाची खोटबी नाई," ती म्हणाली. "शरीराचं होतं ते. शरीराले दिलं, सुधरलं. तुमच्या डोयासमोर."

पुंजाजी देवमनकडे वळले. "देवमन," ते म्हणाले, "भिंत वाकडी आहे, हे साखरेनं म्हटलं का तू?"

देवमनने चौकटीतून आत पाहिलं. भिंतीवर नजर फिरवली. "भिंत जराशी आहेच," तो म्हणाला. "पन मी बोललो नसतो." हशा पिकला. पुंजाजी सगळ्यांत जोराने हसले, आणि हसता हसता त्यांनी हात पुढे केला. "ये. आत ये. आमचं चुकलं. वंदना तूच दे."

देवमन उठला. केशरबाईने त्याचा कोट झटकून नीट केला. त्याने उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि मागून डोमाजी म्हणाला, "जा बाबू. बेस झालं."

तेवढ्यावर तो थांबला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्याने घसा खाकरला. "जमनाबाई, एक इचारू का? राग नको धरू."

"इचारा, काकाजी."

"सकायी उठलो का माया हात कापते. घाम येते. डोक्यात गाडी चालल्यावानी होते. एक घोट घशाखाली गेला का सगळं बंद. मंग गाठ उचलता येते, मंग मी मानूस." त्याने आपला हात पुढे केला. तो खरंच कापत होता. "बाबूले साखर पाहिजे होती. मले ते पाहिजे. बाबूच्या मनाची खोट नाई, तं माया मनाची काहून? मी काहून बाहेर?"

जमुनाकडे सगळ्यांसाठी उत्तर होतं, पुंजाजींसाठी, आईसाठी, बापासाठीसुद्धा. या माणसासाठी तिने उत्तर तयार केलंच नव्हतं. त्याने रेवड्या दिल्या, साक्ष दिली, आज बापाला कवेत धरलं, आणि तो पायरीवरच राहणार, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

देवमनने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. "सांग त्याले," तो लेकीला म्हणाला. "मले सोडवलं तसं यालेबी सोडव. नाई तं मलेबी इथंच बसू दे."

"पयला घोट तुमी घेतला, काकाजी," जमुना सावकाश म्हणाली. खोटं सांगून त्याला खूश करणं तिला जमणार नव्हतं. "तो कोनं तुमाले सुईतून नाई देल्ला. ते तुमचं. पन आता जे कापून राहिलं, ते तुमचं मन कच्चं आहे म्हनून नाई. शरीराले सवय लागली, ते मांगून राहिलं. त्याले हिमतीसंगं डॉक्टरबी लागते. जसे बाबांले लागले. उद्या मी तुमाले त्याच डॉक्टरकडं नेते. एकट्यानं सोडू नका, त्यात धोका आहे."

"अन नियम?" आतून कोणीतरी विचारलं.

"नियम मी केला होता," देवमन म्हणाला. "मले वाटलं, मानूस म्हंजे नुसतं मन. या पायरीवर बसलो तवा कळलं. नियम मी मोडतो." तो पायरी उतरला आणि त्याने डोमाजीचं मनगट धरलं.

डोमाजी मागे सरला. "नोको बाबू. मी आजबी पेलो आहे. वास येईन आत."

"येऊ दे. महिन्याभरापासून तुया बाजूलेच बसून आहो, माया नाकाले सवय झाली."

पुंजाजींनी नुसती मान हलवली. माणसांनी सरकून जागा केली. देवमन डोमाजीला घेऊन उंबरा ओलांडून आत आला, थेट पुढे, मूर्तीसमोर, आणि त्याला आपल्या शेजारी बसवून त्याने वंदना सुरू केली. पंचशीलातलं एकेक शील तो म्हणायचा, मागून सगळे म्हणायचे, त्यात डोमाजीचाही घोगरा आवाज. चार झाली. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना देवमन नेहमी आवाज चढवायचा आणि दाराकडे बघायचा. आज तो ते एवढ्या हळू म्हणाला की मागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नाही.

सगळ्यांनी म्हटलं. डोमाजीने म्हटलं नाही. तो खाली मान घालून बसला होता, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. देवमन थांबला. पुढे गेलाच नाही. माणसं थांबली. मग देवमनने तेच शील पुन्हा म्हणायला सुरुवात केली, एकेक शब्द, लहान मुलाला शिकवावं तसं, आणि डोमाजी त्याच्या मागून एकेक शब्द म्हणत गेला, रडत, अडखळत, शेवटपर्यंत. हात जोडायचे सोडून देवमनने त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला होता. मागे बसलेल्या जमुनाला दोघांचे हात दिसत होते, आणि ते दोन्ही कापत होते.